पोकळीचे आचार्य

त्या राज्यात प्रत्येकाला आपण स्वतः जागे आहोत याची पक्की खात्री होती. शेजारी जागा आहे की नुसता हलतो-बोलतो आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. रोजच्या व्यवहाराला त्याने बाधा येत नसे. माकडे माकडांच्या उवा काढत, हरणे हरणांना शिंगे मारत, आणि समोरच्याला दुखले की बरे वाटले हे ज्याने त्याने अंदाजाने ठरवावे, अशी वहिवाट होती. अंदाज बहुधा बरोबर येत असावा, कारण भांडणे आणि सोयरिकी दोन्ही नेहमीप्रमाणे चालू होत्या.

विद्वानांचे मात्र अंदाजावर भागत नव्हते. जाग म्हणजे काय, ती कुठे राहते, कोणाच्या आत असते आणि कोणाच्या नसते, यावर त्या राज्यात एवढे सिद्धान्त झाले होते की ते विद्वानांपेक्षाही जास्त भरत. काहींनी उतारवयात दुसरा सिद्धान्त काढला होता आणि पहिला सोडायला ते तयार नव्हते. घुबडाच्या मते जाग डोळ्यांच्या मागे होती. मुंग्यांच्या मंडळाच्या मते ती एकट्यात नसतेच, रांगेत असते. वटवाघळाचेही काही म्हणणे होते, पण ते उलटे लटकून सांगत असल्यामुळे कोणी शेवटपर्यंत ऐकले नव्हते. आजवर एकाही सिद्धान्ताने दुसऱ्याला हरवले नव्हते. मांडणारा मेला की सिद्धान्त मरे, आणि कधी कधी तोही मरत नसे.

या सर्वांत वयाने आणि वजनाने मोठे होते कमठाचार्य. ते कासव होते. तळ्याच्या उत्तर काठावरचा एक सपाट खडक त्यांचे आसन होते, आणि पोकळीचा सिद्धान्त त्यांच्या नावावर होता.

तरुणपणी त्यांना वाटेत एक उन्मळून पडलेले पोकळ खोड दिसले होते. आत काळोख होता. त्यांनी मान आत घालून विचारले, "कोण आहे?" आतून कोणीतरी विचारले, "कोण आहे?" कमठ, तेव्हा ते आचार्य नव्हते, मागे सरले आणि त्याच जागी त्यांना आयुष्यभर पुरेल असा विचार सुचला: ज्याच्या आत पोकळी आहे, त्याच्या आत कोणीतरी आहे. एका बेडकाने पुढे शंका काढली की तो त्यांचाच आवाज असावा. त्यावर आचार्यांनी उत्तर दिले, "आवाज माझा होता, मान्य. पण तो परत कोणी पाठवला?" बेडूक निरुत्तर झाला. निदान आचार्य तसे सांगत.

सिद्धान्त वाढत गेला. पोकळी जितकी मोठी तितकी जाग जास्त, असा त्याचा पुढचा भाग होता. त्या हिशेबाने राज्यात सर्वांत जागे प्राणी कासव ठरत होते. हा निष्कर्ष आपण मुद्दाम काढलेला नाही, तो आपोआप निघाला, असे आचार्य नम्रपणे सांगत. त्याच हिशेबाने वाळलेला भोपळाही बराच जागा ठरत होता. त्याविषयी कोणी विचारले की आचार्य डोळे मिटून म्हणत, "भोपळ्याला आपण कमी लेखतो." आणि त्या दिवशीचे व्याख्यान तिथेच संपे.

त्यांचा कट्टर विरोधक होता कीरपंडित. तो पोपट होता आणि त्याचा उच्चारसिद्धान्त होता. ज्याला सांगता येते तो जागा. ज्याला सांगता येत नाही त्याच्या आत काळोख. हा सिद्धान्त थोडक्यात होता, पाठ करायला सोपा होता, आणि पंडित तो दिवसातून अनेकदा म्हणत असे. दोघांचे हाडवैर होते. त्याचा फायदा असा होता की दोघांपैकी कोणालाही एकटे वाटत नसे.

त्या वर्षी राज्यात थंडी फार पडली. तळ्याच्या काठावर सकाळी पांढरा थर दिसू लागला. पातळ कातडीची पिल्ले रात्रभर कुडकुडत आणि काही सकाळी उठतच नसत. राज्यावर राणी होती, एक वयस्कर हत्तीण. तिने सगळ्यांना विचारले की यावर काही उपाय आहे का. तेव्हा सुगरणींची मुकादमीण पुढे आली. खोप्याची वीण तिच्या चोचीत होती आणि तिला सगळे सुगरणबाई म्हणत.

ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर दरसाल अळ्या स्वतःभोवती कोश विणून लटकत. तो कोश डोंगराखालच्या ऊन झऱ्यात बुडवला, तर त्याचे अखंड, मऊ सूत सुटते, असा शोध सुगरणबाईने लावला होता. त्याच्या गोधड्या विणता येतील, असे ती म्हणाली. मात्र कोश फुटायच्या आत बुडवायला हवा.

"फुटल्यावर नाही का चालत?" राणीने विचारले.

"चालतं, पण सूत तुटकं निघतं. पिंजून कातावं लागतं. वेळ लागतो आणि गोधडी जराशी टोचते."

"टोचणारी गोधडी पिल्लं फेकून देतात," राणी म्हणाली. आणि काम सुरू झाले.

महिन्याभरात तळ्याकाठची निम्मी पिल्ले सोनेरी गोधडीत झोपू लागली. सगळे सुगरणबाईला दुवा देत होते. कमठाचार्यांना स्वतःच्या कवचावर कसल्याच गोधडीची गरज नव्हती, म्हणून या सगळ्याकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. त्या काळात ते भोपळ्यावर काम करत होते.

त्यांचे लक्ष वेधले एका सशिणीने. तिचे नाव धवळा. तिची तीन पिल्ले थंडीत गेली होती आणि उरलेल्या दोघांसाठी ती गोधडी आणायला स्वतः झऱ्यावर गेली होती. त्या दिवशी संध्याकाळी ती आचार्यांच्या खडकापाशी आली. गोधडी तिच्या पाठीवरच होती.

"आचार्य," ती म्हणाली, "मी पाहिलं. सुगरणी कोश पाण्यात सोडतात ना, तेव्हा तो हलतो. एखादाच नाही, सगळेच हलतात. आणि मग थांबतात. आत कोणी असतं का हो?"

आचार्यांच्या काळजाचा ठोका चुकला. त्यात दया किती आणि आनंद किती, हे त्यांनी त्या क्षणी तपासले नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना तो प्रश्न विचारला होता ज्याचे उत्तर त्यांच्याकडे केव्हापासून तयार होते. "कोश पोकळ असतो का?" त्यांनी विचारले.

"आत अळी असते."

"म्हणजे आतून पोकळ आणि पोकळीत कोणीतरी! धवळाबाई, याहून शुद्ध उदाहरण मला सुचलं नसतं."

धवळेला उदाहरण नको होते. पण तिच्या ओळखीचा दुसरा कोणी विद्वान नव्हता. ती राणीकडे गेली आणि म्हणाली, झऱ्यावर काय चालले आहे ते एकदा विद्वानांकडून तपासून घ्या.

राणी न्यायी होती. तिने सभा बोलावली. "मला लांबलचक काही नको," ती म्हणाली. "कोशात कोणी आहे की नाही, एवढंच सांगा. असेल तर काम थांबवते. नसेल तर चालू राहू दे. पिल्लं गारठताहेत."

सभेत घुबड, मुंग्यांचे मंडळ, वटवाघूळ आणि इतर सगळे आले, पण बोलायची वेळ खरे तर दोघांचीच होती. कमठाचार्य आदल्या दिवशी सकाळी निघून वेळेवर पोहोचले होते. त्यांनी पोकळीचा सिद्धान्त पहिल्यापासून मांडला. ते भोपळ्यापर्यंत पोहोचले तेव्हा राणीने सोंड हलवून त्यांना थांबवले. कीरपंडिताने आपला सिद्धान्त एका दमात म्हटला आणि लगेच पुन्हा म्हटला.

"असं करू," राणी म्हणाली. "एक परीक्षा घेऊ. दोघांनीही आधी सांगायचं की काय होईल. नंतर शब्द फिरवायचा नाही."

ही कल्पना सगळ्यांना फार आवडली. असे त्या राज्यात आधी कधी झाले नव्हते. एक कोश झऱ्याच्या कडेला, वाफेजवळ टांगायचा आणि पाहायचे, असे ठरले. कमठाचार्यांनी आधीच जाहीर केले की कोश हलेल, कारण आत कोणीतरी आहे. कीरपंडिताने आधीच जाहीर केले की कोशातून शब्द निघणार नाही, कारण आत कोणी नाही.

कोश टांगला. वाफ लागली. कोश हलला. आणि त्यातून एकही शब्द निघाला नाही.

सभेत एकदम दोन जयघोष झाले. कमठाचार्यांनी मान पूर्ण बाहेर काढून चारी बाजूंना पाहिले; त्यांना एवढा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. कीरपंडित फांदीवर नाचत होता. संध्याकाळपर्यंत दोघांच्याही घरी अभिनंदनाला पाहुणे येऊन गेले. राणी मात्र दोघांचे विजय एकमेकांशेजारी ठेवून पाहत राहिली आणि तिला काय करावे ते कळेना. निकाल होईपर्यंत काम चालू राहील, असे तिने सांगितले. झऱ्यावरची वाफ थांबली नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी तळ्याकाठच्या मोठ्या शिळेवर एक जाहीरनामा लागला. पोकळीचा सिद्धान्त हे ज्ञान नसून भोंदूशास्त्र आहे, तो खोटा ठरवता येत नाही, आणि राज्याने त्यावर निर्णय बेतू नये, असे त्यात म्हटले होते. खाली विद्वानांच्या पंज्यांचे, खुरांचे आणि चोचींचे एवढे ठसे होते की मजकूर शोधावा लागत होता. त्यात वटवाघळाचाही ठसा होता, तो उलटा. जाहीरनामा आपण पूर्ण वाचला नाही, पण त्यातील भावनेशी सहमत आहोत, असे मुंग्यांच्या मंडळाने नंतर कळवले.

कमठाचार्य त्या शिळेपाशी बराच वेळ उभे होते. 'भोंदू' हा शब्द त्यांना सलत होता. आपण भोंदू कसे? भोंदू दुसऱ्यांना फसवतो. आपण तर पहिल्यापासून स्वतःशी प्रामाणिक आहोत. आपला सिद्धान्त आपल्याइतका कोणालाच पटलेला नाही. त्यांनी परत जाऊन उत्तर तयार करायला घेतले. त्याचा पहिला भाग भोंदू या शब्दाच्या अर्थावर होता, दुसरा भाग कीरपंडिताच्या चारित्र्यावर, आणि तिसऱ्या भागात भोपळा पुन्हा आला.

ते दुसऱ्या भागावर असताना धवळा आली. तिने पाठीवर गोधडी घेतली नव्हती.

"परत केली," ती म्हणाली. "पिल्लं रडत होती. मी त्यांना पोटाशी घेऊन बसते. पण रोज तेवढंच पुरत नाही, आचार्य. मला कोणीतरी सांगा."

"माझं उत्तर येतंय," आचार्य म्हणाले. "तिसऱ्या भागात सगळं स्पष्ट होईल."

"सिद्धान्त राहू द्या. परीक्षेला तुम्ही झऱ्यावर होतात. तो कोश हलताना तुम्ही पाहिलात. तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

आचार्यांनी तोंड उघडले. परीक्षेच्या वेळी आपल्याला काय वाटले होते, हे ते आठवू लागले, आणि त्यांना फक्त आपला जयघोष आठवला. कोश कसा हलला, हे त्यांना आठवेना. ते कोशाकडे पाहतच नव्हते. कीरपंडिताच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"बरं," धवळा म्हणाली, आणि निघून गेली. त्या 'बरं'मध्ये काहीच नव्हते, राग नव्हता, टोमणा नव्हता. आचार्यांनी त्या दिवशी उत्तराचा दुसरा भाग पुढे नेला नाही.

पुढे जे घडले ते धवळेमुळेच. सुगरणींच्या ढिगातून तिने एक कोश उचलून आणला होता आणि आपल्या बिळाच्या तोंडाशी टांगून ठेवला होता. थंडीच्या शेवटी त्याचे टोक आतून ओले झाले आणि तो फुटला. त्यातून ओलसर पंखांचा एक पतंग बाहेर आला, तपकिरी, प्रत्येक पंखावर एक पारदर्शक गोल ठिपका असलेला. ती मादी होती. धवळेने ती बातमी राणीला दिली आणि राणीने लगेच सभा भरवली. आता कोणाच्याही सिद्धान्ताची गरज नव्हती. कोशात राहून आलेली साक्षीदारच मिळाली होती. तिला विचारले की झाले.

सभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. सभेतल्या शिळेवर ती पतंगीण बसली होती. तिचे पंख वाळत होते. कमठाचार्यांनी प्रश्नांची तयारी करून ठेवली होती. पोकळीत असताना तुम्हाला पोकळी जाणवली का, हा पहिला होता. पण राणीने स्वतःच विचारले, अगदी हळू आवाजात, "बाई, आत असताना तुम्ही होता का?"

पतंगिणीने डोके राणीकडे वळवले. मग सुगरणबाई, जी रोज कोश हाताळत होती पण जिने बाहेर आलेला जीव जवळून कधी पाहिला नव्हता, पुढे झुकली आणि म्हणाली, "राणीसरकार, हिला तोंडच नाही."

खरेच नव्हते. ज्या जागी तोंड असायचे तिथे थोडी लव होती. तिला खाता येत नव्हते, पिता येत नव्हते, आणि जे काही थोडे दिवस तिच्याजवळ होते ते ती कोशाआधी खाल्लेल्या पानांवर काढणार होती.

"बोलली नाही!" कीरपंडित ओरडला. "बोलली नाही! आत काळोख!"

"तिला तोंड नाही," कमठाचार्य म्हणाले. "न बोलणं हा पुरावाच नव्हे." हे बरोबर होते, आणि इथे ते थांबले असते तर बरे झाले असते. पण त्यांना सवय होती. "उलट," ते पुढे म्हणाले, "तोंड नाही म्हणजे पोकळी पूर्ण बंद आहे. बंद पोकळीत जाग अधिकच दाट. म्हणजे माझा सिद्धान्त आणखी भक्कम झाला."

राणीने त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "कमठाचार्य, कोश हलला तेव्हा तुम्ही बरोबर होता. ही बोलली असती तरी तुम्ही बरोबर असता. ही बोलली नाही, तरी तुम्ही बरोबरच. मला एक सांगा. काय झालं असतं तर तुम्ही म्हणाला असता की मी चुकलो?"

हा प्रश्न आचार्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. जाहीरनाम्यात तो होता, पण तिथे तो शिवीसारखा लिहिला होता, म्हणून त्यांनी वाचला नव्हता. आता त्यांनी प्रामाणिकपणे शोधायला सुरुवात केली. कोश हललाच नसता तर? तर शांत जाग, असे त्यांनी म्हटले असते. तसे एक प्रकरणच होते. कोश आतून रिकामा निघाला असता तर? तर शुद्ध पोकळी. कोश भरीव निघाला असता तर? तर तो कोशच नव्हे. ते एकेक दार ढकलून पाहत होते आणि प्रत्येक दारातून पुन्हा आपल्याच खडकावर येत होते. सभा वाट पाहत होती. शिळेवरच्या पतंगिणीने एकदा पंख उघडून मिटले.

"काही नाही," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे असं काही नाही, राणीसरकार, की जे घडलं असतं तर मी चुकलो म्हटलं असतं. मी मघापासून शोधतोय. सापडत नाही."

सभेत कुजबुज उठली. आचार्यांना कवचात हलके-हलके वाटले, आणि त्यांना ते आवडले नाही. "पण पंडितालाही विचारा," ते घाईने म्हणाले. राणीने विचारले. कीरपंडित म्हणाला की त्याचा सिद्धान्त इतका स्पष्ट आहे की असे प्रश्न त्याला लागूच होत नाहीत. हे त्याने एवढ्या आत्मविश्वासाने आणि एवढ्या वेळा म्हटले की सभेला पटले.

"राणीसरकार," कमठाचार्य म्हणाले, "मला माहीत नाही. पण माहीत नाही, म्हणूनच थांबा. मी हात जोडतो."

"आचार्य," राणी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच दुःख होते, "एक विद्वान म्हणतो मला माहीत आहे. दुसरा म्हणतो मला माहीत नाही. रात्री गारठणाऱ्या पिल्लांच्या आयांना मी कोणाचं सांगू? मघापर्यंत तुम्ही खोटं बोलत होता तेव्हा निदान तुमच्या म्हणण्याला वजन होतं."

निकाल लागला. काम चालू राहणार होते, आणि उरलेले सगळे कोश त्याच आठवड्यात बुडवायचे ठरले, कारण ऋतू बदलत होता आणि ते आता कधीही फुटले असते.

सभा उठली. पतंगीण शिळेवरून उडाली आणि अर्जुनाच्या दिशेने गेली. धवळा आचार्यांजवळून जाताना थांबली. "तुम्ही खरं सांगितलंत," ती म्हणाली. तिला त्यांना बरे वाटावे असे वाटत होते. आचार्यांना मात्र आयुष्यभराच्या सर्व पराभवांपेक्षा तेच जास्त लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरे सांगितले होते आणि त्याच दिवशी त्याचा काहीच उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झऱ्याकडे निघाले. तिथे जाऊन भाषण करायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. सुगरणींना थेट समजावू. त्या चोचीने काम करणाऱ्या आहेत, त्यांना कळेल. वाटेत त्यांनी भाषणाची सुरुवात तीनदा बदलली. भोपळा काढून टाकला. पोकळी काढून टाकली. मग भाषणात काही उरेना, तरी ते चालत राहिले. झऱ्यापाशी पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. ज्या कुंडात कोश बुडवत त्याच्या कडेला उरलेल्या कोशांचे ढीग होते आणि वरच्या झाडांवर अजून बरेच लटकत होते. सुगरणी जेवायला गेल्या होत्या. समोर ऐकायला कोणी नव्हते.

कुंडात पाणी वरच्या दोन खडकांमधल्या अरुंद तोंडातून पडत होते. कमठाचार्य ते जवळून पाहायला वर चढले. हे त्यांनी विचारपूर्वक केले, असे म्हणता येणार नाही. शेवाळावरून त्यांचा पाय सटकला आणि ते घसरत थेट त्या तोंडात जाऊन बसले. कवच दोन खडकांमध्ये घट्ट अडकले. मागून ऊन पाणी आले, त्यांना ढकलून पाहू लागले, आणि ढकलता येत नाही असे दिसल्यावर खडकाच्या पलीकडच्या बाजूने वाट काढून ओढ्याकडे निघून गेले. कुंडातली वाफ विरळ होत गेली.

आचार्यांना पाठ भाजल्यासारखी वाटत होती. त्यांनी चारी पाय आत ओढले, मान आत ओढली. थोडे मागे रेटले तर आपण सुटू शकू, हे त्यांच्या लक्षात आले. मग कुंड पुन्हा भरेल, हेही लक्षात आले. ते हलले नाहीत. ही गोष्ट मात्र त्यांनी विचारपूर्वक केली.

सुगरणी आल्या तेव्हा पाणी निवले होते. एक कोश टाकला, सूत सुटेना. त्यांनी वर पाहिले. "आचार्य!" सुगरणबाई म्हणाली. "अहो आचार्य, बाहेर या! पाणी अडलंय!"

आतून आचार्यांना ते स्वच्छ ऐकू आले. बोलले तर संपले. राणीची आज्ञा होईल आणि निघावे लागेल. त्यांनी उत्तर दिले नाही. त्यांच्याजवळ त्या वेळी सांगण्यासारखे जितके होते तितके आयुष्यात कधी नव्हते. आणि ऐकायला लोक होते, तेही आयते जमलेले. ते गप्प राहिले. हे त्यांना पाठीच्या भाजण्यापेक्षा जड गेले.

सुगरणींनी चोचीने कवच टोकरून पाहिले. एकीने ढकलून पाहिले. मग राणीला निरोप गेला, आणि राणीबरोबर सगळी सभाच आली, कारण विद्वानांना दुसरे काम नव्हते.

"आत आहेत का?" राणीने विचारले.

"हाक मारली. उत्तर नाही," सुगरणबाई म्हणाली. "वारलेही असतील. पाणी फार कढत असतं वर."

घुबडाने डोळे दिसत नाहीत म्हणून मत देता येत नाही असे सांगितले. मुंग्यांच्या मंडळाने एकट्या कवचाविषयी बोलायला नकार दिला. कीरपंडित कवचावर येऊन बसला. त्याने कान लावला, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्याची मान एका बाजूला झाली. आचार्यांना त्याची नखे कवचावर जाणवत होती. एवढ्या वर्षांत ते दोघे इतके जवळ कधी आले नव्हते. मग पंडित म्हणाला, "उच्चार नाही. आत कोणी नाही. सिद्ध झालंय." पण तो ते एकदाच म्हणाला.

"मग हा दगडच," राणी म्हणाली. कवच अडकलेले होते, सोंडेला पकड मिळत नव्हती. पायाने दाबून फोडले तरच तोंड मोकळे होणार होते. राणी दोन पावले पुढे आली. तिने पुढचा पाय उचलला. त्याची सावली कवचावर पडली, आणि आत एकदम गार आणि काळोख झाला. आचार्यांना कळले की तो पाय आहे. त्यांना भयंकर भीती वाटली. त्यांनी तोंड उघडले, आणि पुन्हा मिटले.

पाय हवेत थांबला.

राणीने सभेकडे पाहिले. "कोणी सांगाल का मला?" ती म्हणाली. "नक्की सांगाल का?"

कीरपंडित केव्हाच कवचावरून उडून मागच्या फांदीवर गेला होता आणि आता पंखात चोच घालून बसला होता. धवळा खाली बसली होती, तिची पिल्ले तिच्या पोटाखाली. वारा पडला होता. तीन पायांवर तोललेल्या त्या वयस्कर हत्तिणीचा चौथा पाय थरथरू लागला होता, पण तो ती खालीही आणेना आणि मागेही घेईना. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवर, ऐनाच्या फांद्यांवर, कोणाचे लक्ष नसताना, एकेका कोशाचे टोक आतून ओले होत चालले होते.